दत्तक लेक आणि पडद्यावरचा सैतान

सिनेमाच्या जगात काही पात्रे एकदा मारून मरत नाहीत. १९७६ साली रिचर्ड डॉनर यांनी दिग्दर्शित केलेला ‘द ओमेन’ हा भयपट जगभर अमाप चालला. १९७८ मध्ये त्याचा दुसरा भाग आला, १९८१ मध्ये तिसरा. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सैतानाचा पुत्र डेमियन मारला गेला, तेथे कथा संपायला हवी होती. परंतु २० मे १९९१ रोजी अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर चौथा भाग अवतरला : ‘ओमेन ४ : द अवेकनिंग’. हा भाग मुळातच दूरचित्रवाणीसाठी तयार केलेला. एका दिग्दर्शकाने काम मध्येच सोडले, दुसऱ्याने ते पुरे केले, आणि ही ठिगळे पडद्यावर लपत नाहीत. मुलगा मेला होता, म्हणून या वेळी मुलगी आणली गेली. तिचे नाव डेलिया.

कॅरेन आणि जीन यॉर्क हे वकिली पेशातील सुखवस्तू दांपत्य. मूल होत नाही म्हणून ते धर्मभगिनींच्या अनाथाश्रमातून एक तान्ही मुलगी दत्तक घेतात. मुलगी वाढू लागते, वडील राजकारणात वर चढू लागतात आणि घराभोवतालची माणसे एकेक करून मरू लागतात. मुलीला सांभाळणारी बाई खिडकीतून खाली कोसळते. चौकशीसाठी नेमलेला गुप्तहेर इमारती पाडण्याच्या लोखंडी गोळ्याने चिरडला जातो. जिला सारे ठाऊक असते ती धर्मभगिनी सर्पदंशाने मरते. आईला संशय येतो, पण तिचे ऐकतो कोण? शेवटी उलगडा होतो की डेलिया ही त्या मेलेल्या डेमियनची मुलगी. इतकेच नव्हे, तर तिच्या शरीरात तिच्या जुळ्या भावाचा गर्भ होता आणि डॉक्टरांनी तो कपटाने कॅरेनच्या उदरात ठेवला. जो मुलगा कॅरेनने आपल्या पोटचा म्हणून जन्माला घातला, तोच नवा ख्रिस्तविरोधक! आई मरते, मुले उरतात.

चित्रपट म्हणून यात फारसा दम नाही. मुलीने डोळे रोखून पाहिले की संगीत वाजते आणि कोणीतरी पडते, हा ठराविक साचा अर्ध्या तासात कंटाळा आणतो. आईचे एकाकीपण मात्र अभिनेत्री फे ग्रँट यांनी बऱ्यापैकी दाखविले आहे, एवढे श्रेय द्यायला हवे. इतक्या सामान्य चित्रपटासाठी या पानांची जागा अडवावी, याला कारण आमच्या घरचे आहे.

आम्ही उभयता जिवती येथे शिक्षक आहोत. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेला लागून हा तालुका वसलेला आहे. येथील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण अशा दोन्ही राज्यांचा दावा असून तेथील लोक दोन्हीकडे मतदान करीत आलेले आहेत. एक मूल आणि दोन दावेदार, असे काहीसे हे प्रकरण! गोंड आणि कोलाम हे या डोंगराचे मूळ रहिवासी. त्यांच्यानंतर मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, असंख्य कुटुंबे पोटासाठी येथे आली आणि येथलीच झाली. आमच्या घरात दहा वर्षांची एक मुलगी आहे. ती २०१६ मध्ये, वर्षाचीही नसताना आमच्याकडे आली. ती दत्तक आहे हे तिला समजू लागल्यापासून ठाऊक आहे. ‘तू पोटातून नाही आलीस, कागदावरून आलीस,’ असे तिची आजी तिला थट्टेने म्हणत असे आणि तिला ती थट्टा फार आवडत असे.

मागच्या नाताळच्या सुट्टीत लेक आपल्या मामाकडे बल्लारपूरला राहायला गेली. आमच्या डोंगरावर मोबाइलची रेंजसुद्धा नवसाने मिळते; मामाच्या घरी मोठा टीव्ही आणि त्यावर मागाल ते हजर. मोठ्या मामेभावंडांनी रात्री जागून ‘ओमेन’चा पहिला आणि चौथा भाग पाहिला. ही त्यांच्यामागे पांघरुणात बसून होती, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. ती घरी परतली तेव्हा हसतखेळत होती, मामीने दिलेल्या करंज्या तिने शेजारीपाजारी वाटल्या. चार दिवसांनी सकाळी, शाळेची घंटा व्हायला थोडा वेळ असताना, आमच्यापैकी जी तिची आई ती तिची वेणी घालीत होती. लेक हळूच म्हणाली, “आई, नीट बघ ना, माझ्या डोक्यात काही आहे का?”

“उवा झाल्या की काय?”

“उवा नाही गं. आकडा.”

ज्यांनी पहिला भाग पाहिला आहे त्यांना हा आकडा माहीत असेल. रॉबर्ट थॉर्न या राजनैतिक अधिकाऱ्याचे मूल रोमच्या रुग्णालयात जन्मतःच दगावल्याचे त्याला सांगितले जाते आणि त्याच रात्री जन्मलेले दुसरे एक बाळ त्याच्या हाती दिले जाते. पुढे संशयाने ग्रासलेला हा पिता झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरचे केस कात्रीने कापतो आणि त्वचेवर ६६६ ही खूण त्याला दिसते. त्यानंतर तो बाप त्या मुलाला चर्चमध्ये नेऊन मारायला निघतो. प्रेक्षकांनी ‘मार, मार’ म्हणावे अशीच त्या दृश्याची मांडणी आहे.

आमच्या लेकीने काय पाहिले? तिने सैतान पाहिला नाही. दत्तक मूल झोपले असता बाप हातात कात्री घेऊन येतो, हे तिने पाहिले.

त्या दिवशी आम्ही दोघेही शाळेत उशिरा पोहोचलो. वेणी सोडून भांग पाडून पाडून, आरशासमोर आरसा धरून तिला तिचे सारे डोके दाखविण्यात आले. उजव्या कानामागे एक तीळ सापडला. तो पाहून ती बराच वेळ गप्प राहिली. “हा तुझाच का?” असे तिने विचारले. तीळ कोणाचा असतो, या प्रश्नाला उत्तर काय द्यावे! “तुझाच आहे,” एवढेच आम्ही सांगू शकलो.

त्यानंतर आम्ही स्वतः ते दोन्ही चित्रपट सावकाश पाहिले, या जातीचे आणखी काही पाहिले, आणि एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसू लागली. या कथांतील भीतीचे मूळ सैतानात नाही, ते रक्तात आहे. १९५४ मध्ये विल्यम मार्च या अमेरिकन लेखकाची ‘द बॅड सीड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९५६ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. शीर्षकाचा अर्थच मुळी ‘नासके बीज’. त्यातील आठ वर्षांची गोंडस मुलगी थंड डोक्याने खून करते. तिची आई कारण शोधू लागते, तेव्हा तिला कळते की आपण स्वतःच दत्तक आहोत आणि आपली जन्मदात्री एक कुप्रसिद्ध खुनी स्त्री होती. म्हणजे आजीचे पाप आईला वगळून नातीच्या अंगात उतरले! येथे सैतानाची गरजसुद्धा भासली नाही. ‘ओमेन’ने या नासक्या बीजाला शिंगे चिकटवली, एवढाच फरक. चौथ्या भागात तर कहर आहे : गर्भ आईच्या उदरात नऊ महिने वाढला, तिने कळा सोसल्या, तिने दूध पाजले, तरी तो तिचा होत नाही, कारण बीज दुसऱ्याचे. आईपणाला या कथेत कवडीचीही किंमत नाही.

पवित्र शास्त्राचा आधार घेतल्याचा आव हे चित्रपट आणतात, म्हणून त्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. ६६६ हा आकडा प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात येतो, हे खरे. तेथे तो एका श्वापदाचा आकडा आहे. रोमन सत्तेच्या छळाखाली भरडल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेल्या त्या ग्रंथात तो सम्राट नीरोकडे निर्देश करतो, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कोणा बालकाच्या जन्माशी त्याचा संबंध नाही. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही आलेला नाही. तो येतो योहानाच्या पत्रांत, आणि तेथेही तो ख्रिस्ताला नाकारणाऱ्या प्रौढ, बोलत्याचालत्या माणसांविषयी वापरलेला आहे. पाळण्यातील पोराविषयी पवित्र शास्त्रात असे काही नाही. आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीप्रमाणे आदिपाप सर्व मनुष्यजातीला आहे. ते दत्तक मुलांना थोडे अधिक आणि पोटच्यांना थोडे कमी, अशी वाटणी कोणत्याही धर्मशिक्षणाच्या पुस्तकात आमच्या वाचनात आलेली नाही. बापाच्या अपराधाचा भार मुलावर पडणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात बजावले आहे. ते वाचूनसुद्धा आपण लग्न जुळवताना ‘घराणे कसे?’ हेच आधी विचारतो, ही गोष्ट वेगळी.

हॉलिवूडला दोष देऊन मोकळे होणे आम्हाला जमणार नाही, कारण तीच समजूत आमच्या दारातही उभी असते. लेक घरी आली त्या आठवड्यात शेजारची एक प्रेमळ म्हातारी तिला बघायला आली. ती मराठवाड्यातून दुष्काळात सासूबरोबर चालत आलेली. तिने बाळाच्या गालावरून बोटे फिरवून कडाकडा मोडली, हातावर अकरा रुपये ठेवले आणि जाता जाता विचारले, “बाई, लेकरू गोड हाय. पन कुनाचं रगत हाय, काई कळलं का?” तिच्या मनात किल्मिष नव्हते. आमच्या धर्मग्रामातील एका सुशिक्षित गृहस्थांनीही हेच विचारले, फक्त ‘पार्श्वभूमी’ हा शब्द वापरून. आपल्याकडे मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल बापाच्या मुळावर येते म्हणतात. नव्या सुनेचा पायगुण बघतात. घरात मूल आले आणि म्हैस आटली तर दोन्हींचा संबंध जोडतात. ख्रिस्ती घरांतून नक्षत्रे गेली, पण पायगुण अजून गेलेला नाही. लेक आली त्या वर्षी आजी पडून तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा आमच्याच नात्यातील कोणीतरी सूचक मान हलविली होती. खुद्द आजीनेच त्यांना सुनावले, “मी ओल्या मोरीत पडले. मोरी पोरीने ओली केली नव्हती, मीच केली होती.”

माणसात वाईट शक्ती दिसू लागली म्हणजे पुढे काय होते, हे पाहायला आम्हाला चित्रपटाची आवश्यकता नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी भानामती केल्याच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारण्यात आले. ते दलित कुटुंबांतील होते. त्यांत म्हाताऱ्या स्त्रियाही होत्या. साऱ्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत त्या वेळी आमच्या तालुक्याचे नाव झळकले. एरवी आमचे नाव कोण छापणार? डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्या घटनेला तेव्हा नुकतीच आठ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी झाला, आणि त्याचीच कलमे वणी खुर्दच्या प्रकरणात उपयोगी पडली. तेथे ज्यांना बांधले गेले त्यांच्या केसांत कोणी आकडा शोधला नव्हता. ते दुबळे होते, वेगळे होते, एवढी खूण पुरेशी ठरली. चित्रपटात असा संशय घेणारा शेवटी खरा ठरतो; भयपटाची ती अटच असते. आमच्या डोंगरावर संशय घेणारे खोटे होते, आणि तरीही मार खरा होता.

शास्त्राकडे पुन्हा वळायचे तर ते दत्तक मुलांनी भरलेले आहे. नदीतील टोपलीतून काढलेल्या इब्री पोराला फारोच्या मुलीने आपला मुलगा केले आणि ‘मोशे’ हे नावही तिनेच ठेवले. पोरक्या एस्तेरला मार्दखयाने लेकीसारखे वाढविले. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच एका लांबलचक वंशावळीने होते. मिस्सामध्ये ती वाचली जाते तेव्हा पुष्कळांची डुलकी लागते. पण ती वंशावळ कोठे येऊन पोहोचते ते बघा. अब्राहामापासून दाविदापर्यंत आणि दाविदापासून योसेफापर्यंत. त्या योसेफाचे रक्त येशूमध्ये नाही. तरीही येशू दाविदाचा पुत्र ठरतो, कारण योसेफाने त्याला आपला म्हटले व त्याला नाव दिले. संत पौल तर रोमकरांस, गलतीकरांस व इफिसकरांस लिहिताना आपणा सर्वांनाच देवाची दत्तक लेकरे मानतो.

या भयपटकारांनी नावे तरी कोणाची पळवावीत! २००९ मध्ये ‘ऑर्फन’ नावाचा आणखी एक चित्रपट आला. त्यातही धर्मभगिनींचा अनाथाश्रम, त्यातही दत्तक घेतलेली खुनी मुलगी, आणि तिचे नाव एस्थर. दत्तक मुलाला पोटच्याइतके प्रेम देणे अवघड असते, अशा आशयाचे एक वाक्य त्याच्या जाहिरातीत होते. दत्तक पालकांच्या संघटनांनी निषेध केला, तेव्हा ते वाक्य निर्मात्यांनी काढून टाकले. चित्रपट तसाच राहिला. आणि ‘डेमियन’? ज्याच्या नावाने जगभर हसत हसत सैतानी पोरे ओळखली जातात, ते एका बेल्जियन धर्मगुरूचे नाव होते. १८७३ मध्ये ते हवाई बेटांपैकी मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले, त्यांच्यातच राहिले, त्यांच्या जखमा धुतल्या, आणि १८८९ मध्ये त्याच रोगाने वारले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी दिला जातो. १९८३ मध्ये तो बाबा आमटे यांना मिळाला, ज्यांनी आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, १९४९ मध्ये आनंदवनाची सुरुवात केली. घरच्यांनी टाकलेली माणसे तेथे घर करून राहिली. लेकीला आम्ही आनंदवन दाखवून आणले आणि ही डेमियनची हकिकत सांगितली. तिचा पहिला प्रश्न होता, “मग त्या सिनेमावाल्यांना हे माहीत नव्हतं का?”

एके काळी आपल्यासारख्या ख्रिस्ती जोडप्याला मूल कायद्याने दत्तक घेताच येत नसे, हे नव्या पिढीतील पुष्कळांना ठाऊक नसेल. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. आपल्या वाट्याला १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्याने मूल तुमच्याकडे राहू शके, पण ते तुमचे होत नसे. तुम्ही पालक, ते पाल्य, आणि ते सज्ञान झाले की कागद संपला. वारसाही नाही. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध दांपत्याने तीस वर्षे ज्याला मुलगा म्हटले, त्याच्या नावे घर करून देण्यासाठी त्यांना मृत्युपत्र करावे लागले, आणि सख्ख्या पुतण्यांनी त्यावरही भांडण केले. एका ख्रिस्ती जोडप्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एफ. आय. रिबेलो यांनी निर्णय दिला की अनाथ बालकाला कुटुंब मिळणे हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. पुढे २००० च्या बाल न्याय कायद्याने, त्यातील २००६ च्या दुरुस्तीने आणि अखेरीस २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कोणत्याही धर्माच्या माणसासाठी ही वाट मोकळी झाली. रिबेलो यांच्या निर्णयातील एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते : त्यांनी प्रश्न निपुत्रिक जोडप्याच्या बाजूने सोडविला नाही, मुलाच्या बाजूने सोडविला.

डेलियाच्या चित्रपटात नेमके हेच कोणी करीत नाही. सर्व जण तिच्याकडे पाहतात. आई, दाई, गुप्तहेर, कॅमेरा. तिला काय वाटते हे एकदाही कोणी विचारीत नाही. आपल्याला कोठून आणले, आपल्या आधी काय होते, हा प्रश्न त्या मुलीला पडलाच नसेल का? आमच्या लेकीला तो पडतो, आणि बहुधा तो जेवणाच्या ताटावर पडतो.

आनंदवनाहून आल्यानंतर एका रविवारी तिने म्हटले, “मी तुमची आहे असं कुठे लिहिलंय, ते मला बघायचंय.” आम्ही ट्रंकेतून न्यायालयाचा आदेश काढून तिच्यासमोर ठेवला. हे मूल जणू जन्मतःच या दांपत्याचे आहे असे समजावे, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. आता असे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. २०२२ पासून तशी तरतूद झाली. पण आमचा कागद जुना, शिक्क्यांनी भरलेला, घडीवर विरलेला. ती पालथी पडून, ओळीवर बोट ठेवून, तोंडाने पुटपुटत तो वाचू लागली. कायद्याची भाषा तिला कळत नव्हती तेथे ती वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. दुसऱ्या पानावर ती थांबली.

“आई, यात माझ्या नावाची वेलांटी चुकलीय.”

नऊ वर्षांत हे आम्हा दोघा शिक्षकांच्या लक्षात आले नव्हते. ती उठली, दप्तरातून लाल पेन काढले, क्षणभर विचार करून परत ठेवले आणि विचारू लागली की ही चूक दुरुस्त करून घ्यायला चंद्रपूरला नेमके कोणाकडे जावे लागते, आणि सोमवारी ते कार्यालय किती वाजता उघडते.